फॉरेस्ट टेक्नॉलॉजीत यायचंय? ये, पण जंगल सोडून नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी अमरावती जिल्ह्यातली, अकोल्याला बीएस्सी फॉरेस्ट्री केलेली, एमपीएससीची वनसेवा परीक्षा दिली, प्रीलिम निघाली पण मेन्सला राहिली. घरचे म्हणतात आता बँकेचे फॉर्म भर नाहीतर बीएड कर. तिला जीआयएस (म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे बनवणं), ड्रोन, कॅमेरा ट्रॅप (म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) असल्या कामात शिरायचंय. तिचं म्हणणं, ताई यात खरंच करिअर आहे का, मुलींना फील्डवर घेतात का, आणि सुरुवात कुठून करू.

मी विदर्भातच बरीच वर्षं हे काम करतेय, नकाशे, वनहक्क, कॅमेरा ट्रॅपचा डेटा, वणवे, सगळ्यात थोडी थोडी, त्यामुळे सविस्तर लिहिते. लांब होईल, पण निवांत वाच.

करिअर आहे, पण "फॉरेस्ट टेक्नॉलॉजिस्ट पाहिजे" अशी जाहिरात तुला कधी दिसणार नाही, आणि तिथेच बऱ्याच मुली थांबतात. कामं वेगवेगळ्या नावांनी निघतात. प्रोजेक्ट असिस्टंट, जीआयएस अ‍ॅनालिस्ट, वाइल्डलाइफ बायोलॉजिस्ट, फील्ड रिसर्चर, एमआयएस कोऑर्डिनेटर, काही ठिकाणी नुसतंच "तांत्रिक सहाय्यक". नागपुरात एमआरसॅक म्हणजे राज्याचं सॅटेलाइट नकाशांचं केंद्र आहे, एफएसआयचं म्हणजे भारतीय वन सर्वेक्षणचं विभागीय ऑफिसही नागपुरातच आहे, डेहराडूनला वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि सॅटेलाइट इमेजचं काम शिकवणारी आयआयआरएस, ताडोबा मेळघाट पेंचला व्याघ्र प्रकल्पांची स्वतःची फाउंडेशन्स, शिवाय वनहक्कावर काम करणाऱ्या संस्था आणि आता नव्याने आलेल्या कार्बन प्रोजेक्टवाल्या कंपन्या. बहुतेक कामं कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर, मग पुन्हा अकरा महिने. हे घरी आधीच सांगून ठेव, नंतर कळलं की जास्त त्रास होतो. पण जिच्या हाताला काम चांगलं आहे ती रिकामी बसलेली मी तरी पाहिली नाही, कारण या क्षेत्रात माणसं खरंच कमी आहेत.

आता मुलींना फील्डवर घेतात का. इथे मला जरा जोर देऊन बोलायचंय, कारण गेल्या काही वर्षांत एक वेगळीच गोष्ट व्हायला लागलीय. पूर्वी मुलगी आली की "जंगलात कशी पाठवायची" म्हणून सरळ नाहीच म्हणायचे. आता नाही म्हणत नाहीत, उलट कौतुकाने घेतात, आणि मग म्हणतात मॅडमला जीआयएसला बसवा. एसी रूम, दोन मॉनिटर, पोरं जीपने जंगलात जाणार, संध्याकाळी मेमरी कार्ड आणि जीपीएसचे पॉइंट आणून देणार आणि मॅडम ते डाऊनलोड करून नकाशाचे लेयर बनवणार. दिसायला छान वाटतं, सुरक्षित वाटतं, घरचेही खूश. पण दोन वर्षांनी त्या मुलीकडे काय असतं? सॉफ्टवेअर येतं, पण ज्या जंगलाचा नकाशा ती बनवते ते तिने पाहिलेलं नसतं, आणि प्रमोशनच्या वेळी विचारतात "फील्ड एक्स्पिरियन्स किती?" म्हणजे टेक्नॉलॉजीच्याच नावाखाली तिला जंगलाबाहेर काढलं जातं आणि कोणी वाईट हेतूने केलेलंही नसतं. म्हणून माझा पहिला सल्ला हा की जॉइन होतानाच ठरवून घे, महिन्यातले अमुक दिवस मी फील्डवर जाणार. तोंडी नको, ऑर्डरमध्ये नाहीतर निदान मेलवर.

का एवढा आग्रह, तर कामाच्याच अंगाने दाखवते. मेळघाट घे, तुझ्याच जिल्ह्यातला. सॅटेलाइटच्या फोटोवरून हिरवेपणा मोजायचा एक साधा निर्देशांक असतो, एनडीव्हीआय, तू कॉलेजात शिकलीच असशील. एप्रिलची इमेज घेतली की सागाचा अख्खा पट्टा तपकिरी दिसतो, आकडे इतके खाली जातात की वाटावं जंगल तोडलं. तीच जागा ऑक्टोबरमध्ये बघ, गर्द हिरवी. साग पानगळीचं झाड, उन्हाळ्यात पान टाकणारच. हे आपल्याला गावात राहून माहीत असतं, पण मी असे अहवाल पाहिलेत जिथे एका वर्षीची नोव्हेंबरची आणि दुसऱ्या वर्षीची एप्रिलची इमेज शेजारी ठेवून "वनक्षेत्रात घट" काढलीय, चांगल्या रंगीत नकाशासकट. एफएसआय स्वतः पावसाळ्यानंतरचा, पानगळीच्या आधीचा काळ निवडतं तो याच कारणाने, ढग नसतात आणि पानं असतात. आता ही चूक पकडायला कोणतं मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, एकदा मे महिन्यात सेमाडोहच्या रस्त्याने जाऊन यावं लागतं.

तसंच कोकणाचं. एफएसआयच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त जागा आणि झाडांचं छत्र दहा टक्क्यांच्या वर असलं की ते "वनाच्छादन", मग मालकी कोणाची का असेना आणि झाड कोणतं का असेना. म्हणजे रत्नागिरीतली हापूसची बाग आणि काजूची बागही त्यात धरली जाते. २०२३ च्या अहवालात देशाचं वन आणि वृक्ष आच्छादन मिळून २५.१७ टक्के आलं, त्यात नुसतं वनाच्छादन २१.७६. हा आकडा खोटा नाही, पण त्यात काय काय आहे हे माहीत असलेली व्यक्ती आणि नसलेली व्यक्ती, दोघींच्या कामात जमीन अस्मानाचा फरक पडतो.

वणव्याचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. आपल्याकडे फायर सीझन १५ फेब्रुवारी ते १५ जून. सॅटेलाइटवरचा व्हीआयआयआरएस नावाचा सेन्सर दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो, त्याचा एक पिक्सेल ३७५ मीटरचा, त्यात कुठे आग दिसली की एफएसआयकडून बीटगार्डच्या, म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकाच्या, मोबाइलवर अलर्ट येतो. वन अग्नी पोर्टलवर नाव नोंदवलंस तर तुलाही येईल, आजच नोंदव. तर मार्च एप्रिलमध्ये गडचिरोली चंद्रपूर गोंदियाकडे नकाशावर लाल ठिपक्यांची रांगोळी दिसते आणि ऑफिसात बसलेला माणूस लिहून मोकळा होतो, "मानवनिर्मित वणवा, अज्ञात इसम". पण त्या ठिपक्यापर्यंत चालत गेलं की दिसतं, जळालेल्या पट्ट्याच्या एका टोकाला मोहाचं झाड आहे आणि झाडाखाली अगदी गोल, साफ, राखेचा घेर आहे. मोहफूल पहाटे गळतं, बाया चारला उठून टोपली घेऊन जातात, पालापाचोळ्यात ते फूल दिसत नाही म्हणून आदल्या संध्याकाळी झाडाखालचा पाला पेटवतात. ती आग एवढी छोटी की सॅटेलाइटला दिसतच नाही, दिसते ती पुढे पसरलेली, वाऱ्याने नेलेली. म्हणजे ठिपका जिथे आहे तिथे आग लागलेलीच नाही, ती लागली कुठेतरी शे-दोनशे मीटर मागे.

हे मला कोणत्या पेपरात मिळालं नाही, बायांनी सांगितलं. आणि त्यांनी सोबतच्या पुरुष सहकाऱ्यांना सांगितलं नव्हतं, कारण युनिफॉर्ममधला किंवा जीपमधून उतरलेला माणूस आगीबद्दल विचारतो म्हणजे केस करणार, हे त्यांना पक्कं माहीत. आम्ही मोहाच्या झाडाखालीच बसून फुलं वेचायला लागलो, तेव्हा बोलणं निघालं. एकीने सांगितलं की पाला झाडून काढायला वेळ मिळत नाही, पोरं लहान आहेत, दहा झाडं आहेत, जाळल्याशिवाय होत नाही. यातून मग उपाय पण निघतो, झाडाखाली जाळी बांधायची, हिरवी शेडनेटची जाळी, फूल वरच्यावर अडकतं, स्वच्छ राहतं म्हणून भावही बरा मिळतो आणि पाला पेटवायची गरज उरत नाही. काही ठिकाणी हे झालंय, चाललंय. आता सांग, यात टेक्नॉलॉजी कुठली? सॅटेलाइट पण आहे आणि जाळी पण आहे, आणि मधला दुवा त्या बाईशी बोलू शकणारी मुलगी आहे. बाई आहे म्हणून मुलीला जन्मतःच सगळं समजतं असं मला अजिबात म्हणायचं नाही, शहरातून आलेल्या मुलीही तेवढ्याच तुटकपणे प्रश्नावली भरून निघून जातात. पण बसून बोलायची तयारी असेल तर तुला जे कळेल ते पुष्कळ पुरुष सहकाऱ्यांना कळणार नाही, आणि ती माहिती डेटाच असते.

वनहक्काच्या नकाशांचंही असंच. २००६ चा वनहक्क कायदा, त्यात गावाला सामूहिक वनहक्क मिळतो, म्हणजे आपल्या जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरवर मिळाला, पुढे गडचिरोलीत शेकडो गावांनी दावे केले. दाव्यासाठी गावाची पारंपरिक सीमा जीपीएस घेऊन चालावी लागते. हे काम करायला मिळालं तर सोडू नको, यात जेवढं शिकायला मिळतं तेवढं कशातच नाही. बांबूच्या रांजीत म्हणजे दाट बेटात किंवा खोल नाल्यात जीपीएसला पुरेसे सॅटेलाइट मिळत नाहीत, वाचन दहा पंधरा मीटर इकडे तिकडे उडतं, चालता चालता ट्रॅक घेतला तर सीमा वेडीवाकडी येते आणि शेजारच्या गावाशी भांडण लागतं. मग काय करायचं, मुनारा म्हणजे हद्दीची खूण आली, दोन नाल्यांचा संगम आला, मोठा खडक आला की थांबायचं, यंत्र डोक्याच्या वर नीट धरायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा, अ‍ॅव्हरेज घ्यायचा, आणि वहीत जागेचं गावातलं नाव लिहायचं. वहीतलं नाव सगळ्यात महत्त्वाचं. यंत्राचा आकडा चुकला तरी नावावरून जागा पुन्हा सापडते.

सीमा चालायला गावातले पुरुष येतात, बाया येत नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावतच नाही. कायद्यात वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया असल्या पाहिजेत असं स्पष्ट आहे, सही अंगठ्यापुरत्या त्या असतातही. पण पुरुषांना सीमा माहीत असते आणि बायांना आतलं जंगल माहीत असतं. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब कुठे फुटतात, सात्या म्हणजे रानातले मशरूम कुठे येतात, कोणत्या झऱ्याला मे मध्ये पाणी असतं, सरपण कोणत्या बाजूचं घ्यायचं नाही. बायांसोबत वेगळा एक दिवस चाललीस तर नकाशावर दुप्पट गोष्टी येतात, आणि पुढे गावाला व्यवस्थापन आराखडा करायचा असतो तेव्हा त्याच कामाला येतात.

कॅमेरा ट्रॅपचं आकर्षण सगळ्यांनाच असतं, तुलाही दिसतंय. काम असं असतं. साधारण दोन चौरस किलोमीटरचा एक चौकोन, त्यात वाघ जाण्याची शक्यता असलेली वाट शोधायची, दोन्ही बाजूंनी समोरासमोर कॅमेरे लावायचे, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात आणि दोन्ही मिळाल्याशिवाय ओळख पक्की होत नाही. उंची वाघाच्या अंगावरचे पट्टे नीट येतील अशी, समोरचं गवत कापायचं नाहीतर वाऱ्याने गवत हललं की हजार फोटो गवताचेच. २०२२ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ४ कोटी ७० लाखांवर फोटो आले, त्यातले वाघाचे ९७,३९९. विचार कर, बाकीचं काय असेल. प्रजाती वेगळ्या करायला सॉफ्टवेअर आहे, पट्टे जुळवायलाही आहे, पण सॉफ्टवेअर जे सुचवतं ते शेवटी माणसाने डोळ्याने तपासायचं असतं, आणि हे कंटाळवाणं, मान दुखवणारं काम आहे. ते ज्याला नीट जमतं त्याला मागणी आहे.

आणि एक गोष्ट मला नेहमी खटकते. "वनक्षेत्रातल्या टेक्नॉलॉजीत महिला" म्हटलं की पीएचडीवाल्या, परदेशी जाऊन आलेल्या यांचेच फोटो येतात. अगं, आपल्या वनरक्षक मुली रोज मोबाइलमध्ये एम-स्ट्राइप्स हे गस्तीच्या नोंदींचं अॅप चालू करून बीट, म्हणजे आपल्या वाट्याचं जंगल, फिरतात, पायाचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे जागेसकट नोंदवतात, गणनेच्या वेळी एकेक बीटमध्ये मांसभक्षींच्या खुणांसाठी पंधरा किलोमीटर पायी सर्वेक्षण होतं, ते याच करतात. देशातला सगळ्यात मोठा वन्यजीव डेटा यांच्या पायांवर उभा आहे. ताडोबाच्या वनरक्षक स्वाती ढुमणे २० नोव्हेंबर २०२१ ला याच गणनेच्या कामात, कोलारा भागात, वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. सोबत वनमजूर होते, तरी झालं. त्यांचं नाव मी या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते, घाबरवायला नाही, तर आपण ज्या एक्सेल शीटवर आरामात फिल्टर लावतो ती कशी तयार होते हे माहीत असावं म्हणून. वनरक्षक भरतीकडे कमी दर्जाचं म्हणून बघू नको. तुझ्यासारखी पदवीधर मुलगी वनरक्षक होऊन पुढे जीआयएस सेलला किंवा कॅमेरा ट्रॅप टीमला गेली तर तिच्याइतकं पक्कं कोणी नसतं, वर नोकरी कायम.

तू विचारलं नाहीस पण घरच्यांना सांगायला उपयोगी पडेल म्हणून, हे क्षेत्र बायकांसाठी नवीन आहे हा समजच चुकीचा आहे. आपण ज्या लँडसॅट सॅटेलाइटच्या इमेज वापरतो, त्या पहिल्या लँडसॅटवर, १९७२ मध्ये, जो स्कॅनर गेला तो व्हर्जिनिया नॉरवुड या इंजिनिअर बाईंनी डिझाइन केलेला. त्यात हलता आरसा होता, अंतराळात हलणारी वस्तू टिकायची नाही असं तेव्हा अनेकांचं मत, म्हणून त्यांचा स्कॅनर दुय्यम आणि दुसरे कॅमेरे मुख्य असं ठरलं होतं. ते मुख्य कॅमेरे लवकरच बंद पडले आणि स्कॅनर चालत राहिला, जगभरातल्या जंगलांची पन्नास वर्षांची नोंद तिथून सुरू होते. दुसऱ्या नलिनी नाडकर्णी, अमेरिकेतल्या जंगल अभ्यासक, वडील मूळचे भारतातले. कोस्टा रिकात माँटेवर्देच्या जंगलात गिर्यारोहणाचे दोर वापरून झाडाच्या शेंड्यापर्यंत चढून त्यांनी अभ्यास केला. झाडं स्वतःच्याच फांद्यांवर साचलेल्या मातीत मुळं सोडतात हे त्यांनी १९८१ मध्ये दाखवलं. जमिनीवरून वर बघत बसल्या असत्या तर कळलंच नसतं. २०१५ मध्ये झाडावरून पडून गंभीर जखमी झाल्या, बऱ्या झाल्यावर पुन्हा कामाला लागल्या.

आणि आपल्याकडच्या पुण्याच्या वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, ऊस आणि वस्तीच्या मधे, जिथे "जंगल" म्हणावं असं काही नाही तिथे कॅमेरे लावून त्यांनी दाखवलं की बिबटे तिथे चुकून आलेले नाहीत, राहतायत, पिल्लं वाढवतायत. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला जीपीएस कॉलर लावून माळशेजला सोडलं, त्याचं नाव आजोबा ठेवलेलं, तो चालत चालत शंभरेक किलोमीटरवर मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. हायवे ओलांडला, कसारा स्टेशनजवळून गेला, खाडी पार केली. बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला की प्रश्न मिटला, असं तोपर्यंत सगळे धरून चालले होते, ते त्या कॉलरच्या ठिपक्यांनी मोडलं. गावात जाऊन लोकांशी बोलणं हा त्यांच्या कामाचा निम्मा भाग आहे, तो बघ, नुसती कॉलर बघू नको.

ड्रोनबद्दल. सध्या सगळ्यांना ड्रोन उडवायचाय. नमो ड्रोन दीदी या सरकारी योजनेमुळे गावोगावच्या बचतगटांपर्यंत ड्रोन पोचला हे चांगलंच झालं, पण तो फवारणीचा ड्रोन, आपलं काम वेगळं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, त्यावरच्या व्यावसायिक कामाला लागतं, दहावी पास आणि अठरा वर्षं पूर्ण असली की मान्यताप्राप्त संस्थेत ट्रेनिंग घेता येतं. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय उडवायचा नाही, कोणी साहेब तोंडी म्हणाले तरी नाही. रोपवन मोजायला ड्रोन वापरतात, पण ऑगस्ट सप्टेंबरमध्ये दोन फुटांचं रोप कमरेएवढ्या गवतात वरून दिसत नाही, चांगल्यात चांगल्या कॅमेऱ्याला दिसत नाही. तिथे ओळीने चालत जाऊनच जिवंत रोपं मोजावी लागतात. आधी नकाशा शीक, ड्रोन नंतर. उलट्या क्रमाने गेलेली पोरं लग्नाचे व्हिडिओ काढतायत.

सुरुवात कुठून, तर पैसे न घालवता बरंच होतं. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. आयआयआरएस डेहराडूनचे ऑनलाइन कोर्स मोफत असतात, सर्टिफिकेटही देतात, ते कर. सेंटिनेल-२ या सॅटेलाइटच्या इमेज फुकट मिळतात, दहा मीटरचा पिक्सेल, साधारण दर पाच दिवसांनी एक. यातून तुझ्या स्वतःच्या गावाच्या आसपासचं एक जंगल निवड, पोहऱ्याचं घे नाहीतर चिखलदऱ्याकडचं, आणि त्याचा एक वर्षाचा नकाशा बनव, दर महिन्याची इमेज, आणि दर दोन महिन्यांनी स्वतः जाऊन ठरलेल्या वीसेक जागांचे फोटो. कोणती झाडं, छत्र किती, पान आहे की नाही, खाली गवत की रान. छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, टेपने घेर मोज. हे तू कॉलेजात केलंयस, पण स्वतःच्या प्रश्नासाठी केलं नाहीस. हा एक नकाशा पाच सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलतो, मी स्वतः इंटरव्ह्यू घ्यायला बसते तेव्हा हेच विचारते, तू बनवलेला एखादा नकाशा दाखव आणि त्यातली कोणती जागा तू पाहिलीस ते सांग. नंतर आर किंवा पायथन, या प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी एकच, घाई नाही. गुगल अर्थ इंजिन, म्हणजे सॅटेलाइट इमेजवर ऑनलाइन हिशोब करायचं साधन, सगळ्यात शेवटी, कारण त्यात उत्तर इतकं पटकन येतं की चूक झालेली कळतच नाही.

इंग्रजीची भीती वाटते असं तू लिहिलंयस. अहवालापुरतं इंग्रजी येतं सवयीने. कोरकू, म्हणजे मेळघाटातली आदिवासी भाषा, येत असेल थोडी तरी, तर ती बायोडेटात वरच्या ओळीत लिही, मेळघाटात त्याची किंमत जास्त आहे.

आता सुरक्षिततेचं, आणि हे उघड बोलते. जंगलात एकटी फिरायचं नाही, मुलगी म्हणून नाही, कोणीच फिरत नाही. मोहाच्या दिवसात पहाटे अस्वलाची भीती वाघापेक्षा जास्त, सोबतचा वनमजूर थांब म्हणाला की थांबायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही. पाळीच्या दिवसांचा, टॉयलेटचा प्रश्न खरा आहे, जंगलातल्या संरक्षण कुटीवर, म्हणजे गस्तीवाल्यांच्या चौकीवर, सोय नसते बऱ्याचदा, तो प्रश्न पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मांड, लाजू नको. तू मांडलास की पुढच्या मुलीला मांडावा लागत नाही. बूट स्वतःच्या मापाचे स्वतः घे, ऑफिसचे पुरुषी मापाचे घालून दहा किलोमीटर चालू नको.

जंगलापेक्षा जास्त त्रास कधी कधी ऑफिसातून होतो. २०२१ च्या मार्चमध्ये मेळघाटात हरिसालच्या आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाबद्दल लिहून ठेवून जीव दिला, तू अमरावतीची आहेस, तुला माहीतच असेल. वर्दी आणि पद असलेल्या बाईची ही गत, तर कंत्राटी मुलीचं काय. म्हणून जॉइन होण्याआधी विचार, अंतर्गत तक्रार समिती आहे का, त्यातली माणसं कोण. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती असायलाच हवी, आणि कंत्राटी, इंटर्न, सगळ्यांना ती लागू आहे. विचारल्यावर समोरचा चिडला तर तिथे जाऊ नको, तेवढ्यावरून कळतं. आणि त्रास सुरू झाला तर एकटीने सोसत बसू नको, त्याच आठवड्यात कोणाला तरी सांग, घरी, मैत्रिणीला, मला लिही.

घरच्यांचं म्हणशील तर त्यांच्याशी भांडू नको, त्यांची काळजी पैशांची आणि लग्नाची आहे, जंगलाची नाही. त्यांना मुदत दे, दोन वर्षं. पहिल्या वर्षी प्रोजेक्टवर पगार बेताचा असेल, पण राहणं जेवण फील्ड कॅम्पवर होतं तेव्हा शिल्लक पडते. आणि वनसेवेची परीक्षा सोडू नको, हे काम करता करता दे, वनरक्षक भरती निघाली तर तोही फॉर्म भर. मेन्सला जे पाठ करतेस ते रोज डोळ्यासमोर असेल, मुलाखतीला तर फारच फरक पडतो, आणि चालण्याच्या चाचणीची तयारी वेगळी करावी लागत नाही. वडिलांना एकदा सोबत ने, कॅम्पवर एक रात्र राहू दे, तिथल्या बाकीच्या मुलींशी बोलू दे. माझ्या ओळखीतल्या दोघींच्या घरचा विरोध असाच गेला.

फेब्रुवारीपासून फायर सीझनला बऱ्याच ठिकाणी तात्पुरती माणसं घेतात, तुझ्या डिव्हिजनच्या डीएफओ म्हणजे विभागीय वन अधिकाऱ्यांच्या ऑफिसला जानेवारीतच अर्ज देऊन ठेव, सोबत तोवर जेवढा झाला असेल तेवढा नकाशा जोड. तोपर्यंत ऑक्टोबरची पहिली इमेज उतरवून घे, ढग गेले की लगेच, आणि फोटोंच्या वीस जागा त्याच आठवड्यात पक्क्या कर. अडलं तर स्क्रीनशॉट पाठव, बघते.